खोडरबर नसलेली पेन्सिल

गोल्फचे नाव काढले की आपल्या मध्यमवर्गीय माणसाच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू उमटते. त्या हसण्यात थोडी थट्टा असते, थोडा हेवा असतो, आणि 'हे आपले काम नव्हे' अशी सुटकेची भावनाही असते. क्रिकेट आपले, कबड्डी-खोखो तर घरचेच, पत्ते आणि बुद्धिबळ हे पावसाळ्यातल्या रविवारचे सोबती. पण गोल्फ? तो साहेबाचा खेळ! नाशिकला रिक्षावाल्याला नुसते 'गोल्फ क्लब' म्हणा, तो तुम्हांला बिनचूक नेऊन पोचवील. उतरून पाहावे तर समोर क्रिकेटचे मैदान आणि कडेकडेने फेऱ्या मारणारी आजोबा मंडळी. मैदानाचे खरे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. गोल्फचे तिथे नाव तेवढे लोकांच्या तोंडी राहिले आहे. आपल्या बहुतेकांचा गोल्फशी संबंध एवढाच, की ते नाव ऐकून आपण रिक्षात बसतो आणि उतरतो.

तरीही यंदाच्या दिवाळीला मी गोल्फवर लिहावयाचे ठरवले आहे. त्याला कारण माझा पेशा. माझे सारे आयुष्य दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात गेले. हिशेबतपासनीस हा प्राणी तुम्ही पाहिला असेलच. चांगला सुस्वभावी माणूससुद्धा या पेशात पाच-सात वर्षांत संशयी होतो. जावयाने 'मी जेवून आलो आहे' म्हटले तरी त्याच्या मनात पहिला विचार येतो तो पावतीचा! व्हाउचर नसेल तर खर्च झालाच नाही आणि सही नसेल तर व्हाउचरही नाही, हा आमचा धर्म. अशा माणसाने एक असा खेळ पाहिला, की ज्यात पावती नाही, साक्षीदार नाही, पंच नाही, आणि तरी हिशेब चोख असतो. मग त्याला त्याचे नवल वाटू नये तर काय व्हावे?

आधी ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. लहानपणी आपण गोट्या खेळलो आहोत. जमिनीत एक गल खणायची आणि गोटी तिच्यात घालवायची. गोल्फ म्हणजे हाच खेळ, पण गल चारशे पावलांवर! गोटीच्या जागी अवघ्या ४६ ग्रॅमांचा पांढरा चेंडू आणि बोटांच्या जागी काठ्या. काठ्या जास्तीत जास्त चौदा, प्रत्येकीचे डोके वेगळे आणि काम वेगळे. गलीची रुंदी सव्वाचार इंच, म्हणजे चहाच्या बशीपेक्षाही कमी. अशा अठरा गली एकामागून एक पार करावयाच्या आणि ज्याला सर्वांत कमी फटके लागतील तो जिंकला. वाटेत झाडे असतात, गवत असते, तळी असतात, वाळूचे खड्डे असतात. हे सारे तिथे मुद्दाम ठेवलेले असते आणि त्यासाठी लोक पैसे मोजतात. संसारातले अडथळे फुकट मिळत असताना विकत कशाला घ्यावयाचे, असे आमच्या घरातून मला विचारण्यात आले होते. त्याचे उत्तर पुढे येईल.

साहेबाचा खेळ म्हणून आपण त्याला नाके मुरडतो, पण मुळात तो साध्यासुध्या माणसांचाच. स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या वाळवंटी कुरणांवर मेंढ्या चरत आणि माणसे काठीने चेंडू मारीत. १४५७ साली तिथल्या पार्लमेंटने या खेळावर बंदी घातली, कारण तरुण पोरे धनुर्विद्येचा सराव सोडून याच नादाला लागली होती. पोरांनी बंदी जुमानली नाही, हे वेगळे सांगावयास नको. सेंट अँड्र्यूज या गावी जे जगप्रसिद्ध जुने मैदान आहे, ते आजही सार्वजनिक जागेवर आहे. एरवी रविवारी तिथे खेळ बंद असतो. त्या दिवशी गावकरी आपली मुले आणि कुत्री घेऊन त्याच हिरवळीवर फिरायला येतात. १७६४ साली याच मैदानाच्या गली बावीसच्या अठरा झाल्या आणि मग साऱ्या जगाने अठराच धरल्या. आपल्याकडे हा खेळ आला तोही फार लवकर. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा जगातला सर्वांत जुना म्हणून त्याची ख्याती आहे. साहेबाने हिंदुस्थानात येताच त्याला क्लबाच्या भिंती आणि दारावरचा शिपाई बहाल केला, आणि आपण समजलो की हा खेळ भिंतीसकटच जन्माला आला!

माझी आणि या खेळाची ओळख भिंतीबाहेर झाली. एका कारखान्याच्या वसाहतीत दर वर्षी तपासणीसाठी माझा पंधरा-वीस दिवस मुक्काम असे. अतिथिगृहामागे माळरानावर नऊ गलींचे एक मैदान होते. हिरवळीचे नाव नको. गलीभोवती जिथे मखमलीसारखे गवत असावयाचे, तिथे वाळूत काळे तेल कालवून थापलेली वर्तुळे होती. त्यांना तिथे 'ब्राउन' म्हणत. चेंडू घालवण्याआधी एक पोरगा गोणपाट ओढून ती वाळू सारखी करी. पाणीटंचाईच्या मुलखात गोल्फ खेळावयाचा तो असा! वर्गणी महिन्याच्या वर्तमानपत्रांच्या बिलाएवढी. खेळणारांत मॅनेजर होते तसे फोरमनही होते, आणि वसाहतीच्या दवाखान्यातले डॉक्टर तर रोज पहाटे हजर. त्यांनीच मला प्रथम 'चला हो, नुसते चालायला तरी चला' म्हणून नेले आणि तिसऱ्या वर्षी माझ्या हाती काठी दिली.

एका ऑक्टोबरातल्या सकाळी डॉक्टर, एक फोरमन आणि मी असे तिघे खेळत होतो. पैज मिसळीची. हरणाऱ्याने बाकीच्यांना मिसळ द्यावयाची. सातव्या गलीच्या वाटेवर डॉक्टरांचा चेंडू एका लिंबाच्या बुंध्याशी पाचोळ्यात पडला. फोरमन आपला चेंडू शोधण्यात गुंतले होते, पोरगा पुढे गेला होता, आणि मी चार पावलांवर चष्मा पुसत उभा होतो. डॉक्टर वाकून एक वाळके पान बाजूला करीत होते. ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "हलला. माझा एक वाढवा." पान काढताना चेंडू जेमतेम बोटभर सरकला होता. नियम असा, की तो परत जागेवर ठेवावयाचा आणि आपल्या नावावर एक फटका दंड लिहावयाचा. मी लिहिला. त्या दिवशी डॉक्टर बरोबर एका फटक्याने हरले.

मिसळ खाताना माझ्यातला तपासनीस गप्प बसेना. मी म्हटले, "डॉक्टर, कोणाचेच लक्ष नव्हते हो."

डॉक्टरांना माझा प्रश्नच कळला नाही. ते पावाचा तुकडा मोडीत म्हणाले, "हो, पण चेंडू हलला होता ना!"

हे उत्तर मी पुष्कळ दिवस मनात घोळवीत राहिलो. ते सज्जनपणा दाखवीत नव्हते, उपदेश करीत नव्हते. चेंडू हलला ही एक घडलेली गोष्ट होती आणि घडलेल्या गोष्टीची नोंद व्हावयाची, इतकेच. पाहणारे कोणी होते की नव्हते हा मुद्दा त्यांच्या लेखी नोंदीशी संबंधितच नव्हता. तीस वर्षे मी ज्या हिशेबाची वाट पाहत होतो, तो मला एका माळरानावर, तेलकट वाळूच्या शेजारी पाहावयास मिळाला.

गोल्फच्या दुनियेत अशी उदाहरणे आहेत आणि तिथली माणसे ती आपल्याकडच्या पुराणकथांसारखी एकमेकांना सांगतात. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध बॉबी जोन्सची. हा अमेरिकेतला मोठा खेळाडू, पण शेवटपर्यंत हौशीच राहिला. स्पर्धांत खेळून पैसा मिळवला नाही. १९२५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत वुस्टर येथे खेळताना उंच गवतातला त्याचा चेंडू किंचित हलला. बरोबरच्यांनी पाहिले नव्हते, अधिकाऱ्यांना काही सांगता येईना. शेवटी निर्णय त्याच्यावरच सोपवला. त्याने स्वतःला एक फटका दंड केला. स्पर्धेअखेर विली मॅक्फार्लेनशी त्याची बरोबरी झाली आणि पुढे फेरखेळीत तो एका फटक्याने हरला. तो दंडाचा फटका नसता, तर फेरखेळीची वेळच आली नसती. लोकांनी त्याची वाहवा केली तेव्हा त्याला रागच आला. बँकेवर दरोडा घातला नाही म्हणून कोणाची पाठ थोपटतात का, अशा अर्थाचे त्याचे उत्तर होते. पुढे १९३० साली एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकून, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो स्पर्धांतून निवृत्त झाला. पण त्याचे नाव निघाले की त्या चार विजयांइतकाच तो एक दंडाचा फटकाही लोकांना आठवतो.

मात्र हिशेब चोख ठेवणे म्हणजे नुसते खोटे न लिहिणे नव्हे. खरे काय ते नीट वाचून सही करणे हाही त्याचा भाग आहे, आणि तो किती महाग पडतो हे अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे विसेन्झोला कळले. मोठ्या स्पर्धेत तुमचे फटके तुमचा जोडीदार लिहितो, पण शेवटी सही तुमची आणि जबाबदारीही तुमची. १४ एप्रिल १९६८ रोजी ऑगस्टा येथे 'मास्टर्स' स्पर्धेचा अखेरचा दिवस होता, आणि त्याच दिवशी दे विसेन्झोचा पंचेचाळिसावा वाढदिवस. सतराव्या गलीला त्याला तीन फटके लागले होते. साऱ्या जगाने ते दूरचित्रवाणीवर पाहिले. जोडीदाराने चुकून चार लिहिले आणि दे विसेन्झोने न तपासता सही ठोकली. ६५ चे ६६ झाले. नियम असा, की सही करून जास्त फटके मान्य केले असतील तर तेच कायम. कमी मान्य केले असतील तर बादच. बरोबरी व्हावयाची ती हुकली आणि बॉब गोल्बी एका फटक्याने विजयी ठरला. दे विसेन्झोने जोडीदाराला दोष दिला नाही. 'मीच किती मूर्ख' एवढेच तो म्हणाला. माझ्या पेशातल्या माणसाला ही गोष्ट सांगताना अजून घशाशी आवंढा येतो. न वाचता सही करणारे मी शेकड्यांनी पाहिले, पण सही केल्यावर ती आपलीच आहे असे म्हणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आणि हिशेब किती चिवट असतो पहा. १९७१ च्या फेब्रुवारीत अपोलो-१४ मधून चंद्रावर गेलेल्या ॲलन शेपर्डने तिथे गोल्फचे दोन चेंडू मारले आणि दुसरा मैलोन् मैल गेला म्हणून खुशीत सांगितले. चंद्रावर कोण मोजावयास जाणार? पण पन्नास वर्षांनी, २०२१ मध्ये, जुन्या छायाचित्रांवर नव्या यंत्रांनी काम करून एका अभ्यासकाने अंतरे काढली. पहिला चेंडू २४ यार्ड आणि दुसरा ४० यार्ड! अंतराळवीराचा जाडजूड पोशाख अंगात असताना तेही काही थोडे नव्हे. आणि गडी थट्टेच्याच लहरीत होता. तरी चंद्रावरचे व्हाउचरसुद्धा अखेर तपासणीला आलेच, याचा मला व्यवसायबंधू म्हणून आनंद झाला.

आता मघाचा प्रश्न. वाळूचे खड्डे विकत कशाला घ्यावयाचे? गोल्फचे सर्वांत जुने लिखित नियम १७४४ सालचे, एडिंबराजवळच्या लीथचे. अवघे तेरा. त्यांतला एक मला फार आवडतो. मारलेला चेंडू एखाद्या माणसाने, घोड्याने, कुत्र्याने किंवा आणखी कशानेही अडवला, तर तो जिथे थांबेल तिथूनच पुढे खेळावयाचा. केवढे व्यवहारज्ञान आहे यात! कुत्र्याशी भांडावयाचे नाही, घोड्याच्या मालकाला शिव्या द्यावयाच्या नाहीत, 'हे मी मोजत नाही, पुन्हा मारतो' असे म्हणावयाचे नाही. आयुष्यात आपण पुष्कळदा याच्या उलट करतो. बढती हुकली, मुलाला हव्या त्या कॉलेजात जागा मिळाली नाही, गुडघे गेले, की आपण वर्षानुवर्षे त्या कुत्र्याचीच कथा सांगत बसतो. गोल्फच्या मैदानावर ती कथा ऐकावयास कोणाला वेळ नसतो, कारण प्रत्येकाचा आपापला कुत्रा असतो! खड्डा कसा आला हे विचारून चेंडू बाहेर येत नाही. अंतर पाहावयाचे, काठी निवडावयाची आणि मारावयाचे. खड्डे विकत घ्यावयाचे ते याच्या तालमीसाठी. आखाड्यातली माती अंगाला लावून घ्यावयालाही पैलवान पैसे मोजतोच की!

या खेळाची दुसरी देणगी म्हणजे 'हँडिकॅप'. नाव चमत्कारिक, पण कल्पना मोठी न्यायाची. मैदानाचे ठरलेले फटके समजा ७२. पट्टीचा खेळाडू तेवढ्यात खेळेल. मला ९५ लागतात. माझ्या मागच्या खेळांच्या नोंदींवरून मला काही फटक्यांची सूट मिळते आणि मग मी त्या पट्टीच्या खेळाडूशी बरोबरीने स्पर्धा करू शकतो. २०२० पासून हिशेबाची ही पद्धत जगभर एकच झाली आहे. त्यामुळे पुण्याच्या येरवड्याच्या मैदानावरचा किंवा चेंबूरच्या मैदानावरचा माणूस परदेशी गेला तर आपली सूट बरोबर घेऊन जातो. सासरे आणि सून, बाप आणि बारा वर्षांची लेक, अशी कोणतीही जोडी खेळू शकते आणि कोणी कोणाला मुद्दाम जिंकू देण्याची गरज राहत नाही. मुलांना आपण मुद्दाम हरतो हे त्यांना कळते, आणि त्यातली गोडी जाते, हा प्रत्येक बापाचा अनुभव आहे. पण हे सारे उभे आहे कशावर? मागच्या नोंदी खऱ्या असण्यावर. जास्त सूट मिळावी म्हणून मुद्दाम वाईट खेळणारे महाभाग असतात. त्यांना एखादा करंडक मिळतोही, पण रविवारी त्यांच्या जोडीला कोणी उभा राहत नाही.

वयाचा हिशेबही इथे उलटा चालतो. म्हातारपणी ज्यात यश सोपे होत जाईल असा दुसरा खेळ मला ठाऊक नाही. आपल्या वयाच्या आकड्याइतक्या फटक्यांत अठरा गली पुऱ्या करणे ही गोल्फमधली मोठी प्रतिष्ठेची गोष्ट. साठीच्या माणसाला ती जवळजवळ अशक्य. ऐंशीच्या माणसाला ती जमण्याचा संभव आहे. दर वाढदिवसाला आपले उद्दिष्ट एका फटक्याने जवळ येते! प्रकृतीचे म्हणाल तर एका फेरीत चार तास आणि सात-आठ किलोमीटर चालणे सहज होते. स्वीडनमध्ये सुमारे तीन लाख गोल्फ खेळणारांचा अभ्यास होऊन २००८ साली तो प्रसिद्ध झाला. त्याच वयाच्या आणि त्याच आर्थिक थरातल्या इतर लोकांपेक्षा खेळणारांतले मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांनी कमी आढळले. आमच्या डॉक्टरांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "खेळतो म्हणून जगतो की चालवते तोवर खेळतो, हे कोण सांगणार? तुम्ही आपले चाला!" डॉक्टरही हिशेबाला पक्के.

खेळ चोख, पण खेळाभोवतीच्या भिंतींचे काय? हा प्रश्न टाळून गोल्फची स्तुती करणे म्हणजे वहीतले एक पान चिकटवून टाकणे होईल. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला सेवसंकर सेवगोलम नावाचा भारतीय वंशाचा एक कॅडी होता. लोक त्याला 'पापवा' म्हणत. दुसऱ्यांच्या काठ्या वाहता वाहता तो स्वतःच खेळ शिकला. त्यामुळे काठी धरण्याची त्याची तऱ्हा साऱ्या जगाच्या उलटी, डावा हात खाली आणि उजवा वर. त्या उलट्या हातांनी त्याने हॉलंडची राष्ट्रीय स्पर्धा १९५९, १९६० आणि १९६४ अशी तीनदा जिंकली. १९६३ साली डर्बनमध्ये नाताळ प्रांताची स्पर्धा त्याने गोऱ्या खेळाडूंना हरवून जिंकली. बक्षीससमारंभाच्या वेळी पाऊस पडत होता. गोरी मंडळी क्लबाच्या इमारतीत होती, आणि वर्णभेदाच्या कायद्यामुळे तिथे पाऊल टाकण्याची मुभा नसलेल्या पापवाने बाहेर पावसात उभे राहून करंडक स्वीकारला. पुढे १९६५ मध्ये त्याच स्पर्धेत त्याने गॅरी प्लेअरसारख्या जगज्जेत्यालाही हरवले. मग सरकारने त्याला गोऱ्यांच्या स्पर्धांची दारेच बंद केली.

मला या गोष्टीत दोन वह्या दिसतात. एक क्लबाची, जिच्यात माणसाचा रंग लिहिलेला होता. दुसरी त्याच्या हातातले ते लहानसे पुठ्ठ्याचे कार्ड, जिच्यात अठरा चौकोन आणि अठरा आकडे. जातीला, रंगाला, बापाच्या धंद्याला त्या कार्डात रकानाच नव्हता. एवढे मोठे सरकार, एवढे कायदे, पण त्या कार्डावरचा एक आकडासुद्धा त्यांना खोडता आला नाही. आपल्याकडेही कलकत्त्याच्या त्याच जुन्या क्लबात गवत राखणाऱ्या माळ्याचा मुलगा, एस. एस. पी. चौरसिया, २००८ साली दिल्लीत 'इंडियन मास्टर्स' जिंकून मोकळा झाला. काठ्यांची किंमत, क्लबाच्या प्रवेशासाठीच्या रांगा, यांनी हा खेळ आजही आपल्या बहुतेक घरांपासून दूर ठेवला आहे, हे खरे. पण ते पाप भिंतींचे आहे, कार्डाचे नाही.

बंगलोरची अदिती अशोक आठवते? कोरोनामुळे वर्षभर पुढे गेलेले टोकियोचे ऑलिंपिक २०२१ साली भरले. ज्या दिवशी नीरज चोप्राने भाल्यात सुवर्णपदक मिळवले, त्याच ७ ऑगस्टच्या पहाटे आपल्या देशातली किती तरी घरे, जन्मात गोल्फ न पाहिलेली, दूरचित्रवाणीसमोर जागी होती. मुलीच्या काठ्यांची पिशवी तिची आईच वाहत होती. अदिती चौथी आली. पदक हुकले ते अवघ्या एका फटक्याने. चार दिवस, ७२ गली, अडीचशेच्या वर फटके, आणि उणे पडला तो एक. त्या दिवशी मला पुन्हा डॉक्टरांचा तो लिंबाखालचा एक फटका आठवला. एका फटक्याची किंमत केवढी असते ते कळल्याशिवाय, तो आपल्या नावावर आपल्या हाताने लिहिणे म्हणजे काय, हेही कळत नाही.

डॉक्टरांना मी एकदा सरळच विचारले, "या सगळ्या सचोटीचा मैदानाबाहेर काही उपयोग होतो का हो? का ती बुटांबरोबर तिथेच राहते?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ऑपरेशनच्या खोलीत पाच-सहा माणसे असतात, पण माझ्या हाताखाली नेमके काय झाले ते पुष्कळदा मला एकट्यालाच कळते. बाहेर नातेवाईक बसलेले असतात. चुकले असेल तर ते त्यांना सांगावयाचे असते. तिथे एकदम खरे बोलावयाला जीभ रेटत नाही. रोजची सवय लागते. मिसळीच्या पैजेवर खरे बोललेला माणूस तिथे निदान अडखळत तरी बोलतो."

एका रात्री ते तसे बोलले होते. मला हे वसाहतीतल्या दुसऱ्या माणसाकडून कळले. रोगी वाचला, पण त्या घरातली मंडळी नंतर कित्येक दिवस त्यांच्याकडे येईनाशी झाली. डॉक्टरांनी त्याबद्दल माझ्यापाशी कधी अवाक्षर काढले नाही. कार्डावर आकडा लिहून ते पुढच्या गलीकडे निघून गेले होते.

गोल्फ खेळणारे सारेच असे असतात असे मी म्हणणार नाही. चेंडू बुटाच्या टोकाने सरकवणारे, पाचाचे चार लिहिणारे मी पाहिले आहेत. हा खेळ कोणाला प्रामाणिक करीत नाही. तो फक्त दर थोड्या वेळाने एकांतात गाठून विचारतो, 'किती?' आणि उत्तर तुमच्यावर सोडतो. चार तासांत अठरा वेळा हा प्रश्न दुसरे कोण विचारते? घरात बायकोमुले विचारतात ते पगाराचे, कचेरीत साहेब विचारतो ते कामाचे. आपण आपल्याला विचारावयाचे तेवढे राहून जाते.

गोल्फच्या कार्डाबरोबर एक बोटभर लांबीची पेन्सिल देतात. तिच्या शेंड्याला बहुधा खोडरबर नसते. ते खर्च वाचवण्यासाठी असेल, पण मला त्या पेन्सिलीचा मोठा आदर वाटतो.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानादुकानांतून नव्या वहीची पूजा होईल. कोऱ्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटेल, बत्तासे वाटले जातील. ज्यांचे दुकान नाही, अशा आपल्यासारख्या पगारदारांनीही एक लहानशी वही घ्यावयास हरकत नाही. गोल्फच्या काठ्या परवडोत वा न परवडोत, तिच्यात लिहावयाला पैसे पडत नाहीत. चेंडू हलला असेल त्या दिवशी 'हलला' एवढेच लिहावे, आणि पुढे खेळावयास लागावे.